गळ, रविवार आणि पवईचें तळें

लालबागच्या बाजारांत येणारी मासळी ही जाळ्याची मासळी होय. पापलेट असो, बोंबील असो कीं बांगडा असो, ती समुद्रांतून ओढली जाते, धक्क्यावर उतरते आणि टोपल्यांतून कोळणींच्या पुढ्यांत येऊन बसते. या धंद्याचें आणि या वस्तीचें नातें जुनें आहे. १९३४ सालीं लालबागेंत जो सार्वजनिक गणपति बसूं लागला आणि जो आज ‘लालबागचा राजा’ या नांवानें सर्वत्र विख्यात आहे, तो येथील कोळी व व्यापारी यांनीं बाजाराला हक्काची जागा मिळावी म्हणून केलेल्या नवसांतूनच उभा राहिला. मासळीनें ज्या वस्तीला तिचें दैवत दिलें, त्या वस्तीला माशाचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

परंतु मासा धरण्याची दुसरीही एक रीत आहे, आणि तीही लालबागेला परकी नाहीं. मुंबईच्या गिरण्यांत जे कामगार आले, त्यांत रत्नागिरी जिल्ह्यांतून आलेल्यांचा भरणा फार मोठा होता. खाडीच्या आणि समुद्राच्या शेजारानें वाढलेली ही माणसें. घाटावर ज्याला ‘गळ’ म्हणतात त्याला कोंकणांत ‘गरी’ म्हणतात, आणि गरी टाकून मासे धरण्याच्या क्रियेला ‘गरवणें’ असा एक स्वतंत्र शब्दच त्या मुलखांत आहे. जाळें आणि गरी यांत केवळ साधनाचा भेद नाहीं. जाळें माशाला कांहीं विचारीत नाहीं. तें त्याच्या वाटेंत पसरलेलें असतें आणि तो सांपडतो. गळाला मात्र माशानें स्वतः होऊन तोंड लावावें लागतें. म्हणून गळ टाकणाराला माशाची भूक, त्याची भीति, त्याची वस्ती आणि त्याची वेळ हीं सारीं जाणून घ्यावीं लागतात. मराठी भाषेनें हा भेद पुरता ओळखला आहे. ‘जाळ्यांत सांपडणें’ यांत दुर्दैव आहे. ‘गळाला लागणें’ यांत लोभ आहे. माशापुढें धरलेलें खाद्य आणि माणसापुढें धरलेला मोह या दोहोंना एकच ‘आमिष’ हा शब्द पुरतो, तोही यामुळेंच.

गळाला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे फुरसत. पोटासाठीं गळ टाकणारे लोक नदीकांठीं नेहमींच होते. परंतु मासा मिळाला तर मिळाला, न मिळाला तरी दिवस चांगला गेला, असें म्हणूं शकणारा मनुष्य हा निराळा. त्याला एक मोकळा दिवस पाहिजे आणि ज्याच्या कांठीं तो घालवावा असें एक जिवंत पाणी पाहिजे. या दोन गोष्टी या देशांत कोणाला होत्या, कोणाला नव्हत्या, आणि ज्यांना नव्हत्या त्यांना त्या कशा मिळाल्या, हाच गळाचा खरा इतिहास होय.

या इतिहासाचें पहिलें मोठें पान एका राजानें लिहिलेलें आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसरा सोमेश्वर, ज्याला भूलोकमल्ल असेंही म्हणत, हा ११२६ ते ११३८ या काळांत राज्य करीत होता. त्याची राजधानी कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यांतील बसवकल्याण. महाराष्ट्राचा बराच मोठा भाग त्याच्या सत्तेखालीं होता. या राजानें ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नांवाचा संस्कृत ग्रंथ रचला. राज्य कसें मिळवावें, कसें टिकवावें, त्याचा उपभोग कसा घ्यावा, आणि राजानें आपलें मन कसें रमवावें, हें सर्व त्यांत वीस वीस अध्यायांच्या पांच भागांत सांगितलेलें आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकर यांनीं संपादिलेल्या या ग्रंथाचा पहिला भाग १९२५ सालीं प्रसिद्ध झाला आणि नंतर उरलेले भाग यथाक्रम बाहेर आले.

या ग्रंथांतील विनोदांच्या, म्हणजे करमणुकींच्या, प्रकरणांत ‘मत्स्यविनोद’ नांवाचा एक अध्याय आहे. समुद्रांतले मासे कोणते, नद्यांतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कोणाला कोणतें खाद्य रुचतें, गळ, दोरी व काठी कशी असावी, हें सर्व तेथें व्यवस्थित सांगितलें आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं या अध्यायावर निबंध लिहून जगाचें लक्ष त्याकडे वेधलें. इंग्रजी भाषेंत गळाच्या विद्येवरील पहिलें छापील पुस्तक १४९६ सालचें आहे आणि आयझॅक वॉल्टनचा सुप्रसिद्ध ग्रंथ १६५३ सालचा. म्हणजे सोमेश्वराचा अध्याय यांपैकीं पहिल्यापेक्षां साडेतीनशें वर्षांहून अधिक जुना आहे. यांत अभिमान बाळगण्यासारखें जें आहे तें केवळ जुनेपण नव्हे. राजाच्या हातीं सत्ता होती. त्यानें आज्ञा केली असती तर तळें उपसून मासे त्याच्यापुढें आणून टाकतां आले असते. त्याऐवजीं त्यानें माशाच्या आवडीनिवडी शिकून घेतल्या. सत्तेला जेथें कांहीं चालत नाहीं असा एक खेळ राजानें आपल्या करमणुकीसाठीं निवडला, ही गोष्ट मनांत ठेवण्यासारखी आहे.

त्याच ‘मानसोल्लासां’त, गायनाच्या प्रकरणांत, मराठीच्या अगदीं बाल्यावस्थेंतील कांहीं ओळी आलेल्या आहेत, आणि मौज अशी कीं त्यांतही मासा आहे. दशावतारांच्या त्या वर्णनांत मत्स्यरूपानें रसातळांतून वेद वर आणणाऱ्या नारायणाचा उल्लेख आहे. एका बाजूला माशाला गळ लावणारा राजा आणि दुसऱ्या बाजूला माशाला वेद तारणारा देव मानणारें गीत, अशीं हीं दोन्ही एकाच ग्रंथाच्या दोन बाजूंना बसलेलीं आहेत.

महाराष्ट्राच्या लोकाचारांतही हा दुहेरीपणा दिसतो. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड नांवाचा डोह आहे. तेथील महसीर जातीचे मोठाले मासे वरदायिनी देवीचे मानले जातात. लोक त्यांना खाद्य घालतात आणि गळ कोणी टाकीत नाहीं. वाडा तालुक्यांत तिळसे येथें वैतरणेच्या पात्रांत तिळसेश्वराच्या आश्रयानें असेच मासे राखलेले आहेत, आणि इंद्रायणीकांठीं देहूस भाविक लोक माशांना लाह्या-फुटाणे घालतात. शास्त्रज्ञ आज ज्याला संरक्षित क्षेत्र म्हणतात, तें गांवकऱ्यांनीं देवाच्या नांवानें फार पूर्वींच निर्माण केलें होतें. नदीच्या बाकीच्या पात्रांत मासे धरावे, परंतु एक डोह तरी त्यांना राहूं द्यावा, हा त्यांतील व्यवहार होता.

महसीर माशाचें शास्त्रीय नांवही मराठी मुलखाशीं जडलेलें आहे. कर्नल विल्यम सायक्स हा इंग्रज अधिकारी मुंबई सरकारच्या वतीनें दख्खनची पाहणी करीत फिरला. त्यानें येथील माशांचें वर्णन लिहून १८३९ सालीं प्रसिद्ध केलें. पुण्याजवळच्या मुळा-मुठेच्या पात्रांतील या माशाला नांव देतांना त्यानें लॅटिन शब्दकोश उघडला नाहीं. नदीकांठच्या लोकांच्या तोंडचा शब्दच उचलला. म्हणून जगांतील सर्व ग्रंथांत दख्खनचा महसीर आज ‘टॉर खुद्री’ या नांवानें ओळखला जातो. पुढें १८७३ सालीं हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रासकडील मुलकी अधिकाऱ्यानें हिंदुस्थानांतील गळाच्या शिकारीवर एक जाडा ग्रंथ लिहिला, आणि हा मासा इंग्रज गळकऱ्यांच्या कौतुकाचा विषय झाला. तथापि या काळीं फुरसत होती ती साहेबांना व संस्थानिकांना. गिरणींतील मजुराला ती नव्हती. आणि मुंबईजवळ ज्यांत गळ टाकावा असें मोठें गोडें तळेंही बराच काळपर्यंत नव्हतें. पहिल्या उणिवेची हकीकत पुढें येईल. दुसरी उणीव कशी भरून निघाली, तें प्रथम पाहूं.

मुंबई हें बेट चारी बाजूंनीं पाण्यानें वेढलेलें, पण पिण्याच्या पाण्याला पारखें. विहिरी आणि शहरांतील तळीं यांवरच पूर्वीं सारी भिस्त असे. १८५४ सालीं पाऊस कमी पडला तेव्हां मोठी टंचाई झाली. त्यानंतर हेन्री कॉनीबेअर याच्या योजनेप्रमाणें मिठी नदीच्या उगमाकडे विहारचें धरण बांधण्यांत आलें व १८६० सालीं तेथील पाणी नळानें शहरांत आलें. त्यास तुळशी तलावाची जोड १८७९ सालीं मिळाली. गिरण्या वाढत होत्या, परळ-लालबागच्या चाळी भरत होत्या, आणि पाणी पुन्हां अपुरें पडूं लागलें. तान्सा येथें मोठें धरण बांधण्याचें काम चालूं होतें, परंतु तें पुरें होईपर्यंत तहान थांबणारी नव्हती. तेव्हां तातडीचा उपाय म्हणून १८८९ सालीं पवई येथें धरणाचें काम हातीं घेण्यांत आलें, आणि १८९१ सालीं पवईचें तळें तयार झालें. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत जी पवईची मालमत्ता फ्रामजी कावसजी बानाजी या पारशी गृहस्थांकडे होती, तिच्याच परिसरांत हें तळें झालें.

तळें झालें, पण त्याचा हेतु सफल झाला नाहीं. तेथील पाणी पिण्यास योग्य ठरलें नाहीं. आणि दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १८९२ सालीं, तान्साचें विपुल पाणी शहरांत आल्यावर पवईची कोणाला फारशी गरजच उरली नाहीं. घरांतील एखादा मुलगा नोकरीला निरुपयोगी ठरावा, आणि मग त्याला चित्र चांगलें काढतां येतें हें सर्वांच्या ध्यानांत यावें, तसें या तळ्याचें झालें. जें पाणी नळाला नको झालें तें माशांना मानवलें. डोंगरांच्या कुशींत, कांठाशीं उथळ आणि मध्यें सुमारें चाळीस फुटांपर्यंत खोल असलेल्या त्या जलाशयांत कटला, रोहू, मृगळ, मरळ आणि महसीर वाढले, मगरीही राहिल्या, आणि गळकऱ्यांचे पाय तिकडे वळले. त्यांच्या संस्था झाल्या. त्यांपैकीं महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही १९५५ सालीं नोंदली गेली. तळ्यांत मत्स्यबीज सोडणें, चोरट्या जाळ्यांना आळा घालणें आणि पाण्याच्या अवस्थेकडे लक्ष ठेवणें, हीं कामें अशा मंडळींकडे येऊन पडलीं.

पवईच्या धरणाचें काम चालूं होतें त्याच वर्षांत गिरणगांवांत दुसरें एक बांधकाम पुरें झालें. तें दगडमातीचें नव्हतें. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालापासून गिरणी कामगारांच्या मागण्यांसाठीं सतत खटपट चालविली होती. त्यांत आठवड्याची एक सुट्टी ही मुख्य मागणी होती, कारण त्या काळीं मजूर पहांटेस गिरणींत शिरे तो दिवस मावळल्यावर बाहेर पडे, आणि अशा दिवसांना खंड नसे. २४ एप्रिल १८९० रोजीं हजारों कामगारांची सभा भरली. तींत स्त्री कामगारांनींही भाषणें केलीं. अखेर मालकांनीं ती मागणी मान्य केली आणि १० जून १८९० पासून रविवार हा गिरणी कामगारांच्या सुट्टीचा दिवस ठरला. पुढच्याच वर्षीं फॅक्टरी कायद्यानेंही साप्ताहिक सुट्टीला मान्यता दिली. रविवार १८९० सालचा आणि पवईचें तळें १८९१ सालचें. मोकळा दिवस आणि मोकळें पाणी हीं दोन्ही मुंबईला एका वर्षाच्या अंतरानें मिळालीं. सातशें साठ वर्षांपूर्वीं जो विनोद राजाचा होता, त्याची अर्धी किंमत लोखंडे यांनीं कामगारांच्या वतीनें वसूल केली. तळ्यावरील होड्या आणि संस्थांचें सभासदत्व कामगाराच्या खिशाला पुष्कळ काळ परवडणारें नव्हतें, हें खरें. परंतु रविवारीं समुद्रकांठच्या खडकावर किंवा खाडीच्या बांधावर गरी घेऊन बसण्यास त्याला आतां कोणाची परवानगी लागत नव्हती.

पवईसारख्या तळ्यावर गळाच्या विद्येची खरी परीक्षा होते ती हिंवाळ्यांत. पावसाळ्यांत ओढे वाहतात, पाणी गढूळ होतें, वाहत्या पाण्याबरोबर खाद्य येतें आणि मासा निर्धास्तपणें खातो. त्या वेळीं जाड दोरी आणि मोठा गोळा चालून जातो. मार्गशीर्ष-पौषांत सारें पालटतें. गाळ खालीं बसतो, पाणी निवळतें, आणि माशाला दोरी दिसूं लागते. शिवाय मासा हा शीतरक्ताचा प्राणी. भोंवतालचें पाणी जेवढें थंड तेवढेंच त्याचें शरीर थंड. पाण्याची उष्णता उतरली कीं त्याच्या पचनाचा वेग मंदावतो, भूक कमी होते आणि हालचाल बेताची होते. येथें एक चमत्कारिक गोष्ट आहे. थंड पाण्यांत प्राणवायु अधिक विरघळतो: तीस अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यांत तो सुमारें साडेसात मिलिग्रॅम मावतो, तर वीस अंशांच्या पाण्यांत सुमारें नऊ. म्हणजे हिंवाळ्यांत माशाला श्वास घेण्यास सुख असतें, पण खाण्याची घाई नसते. असा मासा उपाशी नसतो आणि घाबरलेलाही नसतो. तो केवळ सावध असतो. त्याच्यापुढें बळ चालत नाहीं.

म्हणून हिंवाळ्यांतला जाणता गळकरी आपलीं सर्व साधनें लहान करीत जातो. दोरी बारीक, गळ बारीक, आमिष बारीक. पूर्वीं रेशमाच्या किंवा तागाच्या दोऱ्या असत. आतां नायलॉनचा तंगूस आला आहे आणि तो पाण्यांत जवळजवळ दिसेनासा होतो. होडीही वाजवून चालत नाहीं. वल्हें पाण्यांत टाकावें तें आवाज न होऊं देतां. नांगराचा दगड सोडावा तो हातानें, सावकाश. फळीवर पाय आपटला तरी त्याचा धक्का पाण्यांतून माशाच्या अंगाला जाऊन भिडतो, कारण माशाच्या दोन्ही कुशींवर असा कंप ओळखणारी एक रेघच निसर्गानें आंखलेली असते. मग खोली पाहावयाची. कटल्याचें तोंड वरच्या बाजूस वळलेलें. तो वरच्या थरांत चरतो. रोहू मधल्या थरांत असतो. मृगळाचें तोंड खालीं वळलेलें. तो तळाशीं खातो. माशाचें तोंड पाहिलें म्हणजे त्याचें ताट कोठें मांडलेलें आहे तें कळतें, आणि त्याप्रमाणें बोया वरखालीं सरकवून आमिष त्या थरांत सोडावें लागतें. सकाळीं मासा खोल पाण्यांत असतो; उन्हें चढून कांठचें उथळ पाणी कोमट झालें म्हणजे तो तिकडे सरकूं लागतो. हें ज्याला ठाऊक तो पहांटेच्या धुक्यांत कांठाशीं वेळ दवडीत नाहीं.

बोया एकदम बुडेल अशी आशा हिंवाळ्यांत धरूं नये. तो किंचित् थरथरतो, कधीं वर उचलल्यासारखा होतो, कधीं बोटभर बाजूला सरकतो. मासा आमिष ओठांनीं चाचपून पाहत असतो. या घटकेस उतावळा मनुष्य काठीला हिसका देतो आणि दिवस गमावतो. जाणता मनुष्य वाट पाहतो. मासा लागल्यावरही काम संपत नाहीं. दोरी जर दोन-तीन किलोंच्या ओढीला तुटणारी असेल आणि मासा सहा किलोंचा असेल, तर त्याला ओढून काढणें शक्यच नसतें. लवचीक काठी वांकून त्याचा झटका सोसते, रीळ थोडी दोरी सोडून देतें, आणि तो दमला म्हणजे ती पुन्हां गुंडाळून घ्यावी लागते. माशाला जावयाचें असतें तेव्हां जाऊं द्यावें आणि थांबावयाचें असतें तेव्हां जवळ घ्यावें, एवढ्यावर सारी कला उभी आहे.

हीच विद्या जगाच्या दुसऱ्या टोकालाही निराळ्या माशाच्या संगतींत वाढली आहे. अमेरिकेच्या तळ्यांत बास नांवाचा मासा गळकऱ्यांचा विशेष लाडका आहे. जेम्स हेन्शल यानें १८८१ सालींच त्याच्यावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तिकडे हिंवाळ्यांत पाणी गोठण्याच्या बेतास येतें, बास खोल पाण्यांत जाऊन जवळजवळ निश्चल होतो, आणि तेव्हां गळकरी होडींतून अगदीं बारीक दोरीनें बोटाएवढें मऊ, बनावट आमिष तळाजवळून मुंगीच्या पावलानें सरकवितात. माशाला पाठलाग करावा लागूं नये, तोंड उघडलें कीं पुरे, हें त्यांतील सूत्र आहे. पवईच्या रोहूला आणि मिसुरीकडच्या बासाला एकमेकांची ओळख नाहीं, परंतु थंडीनें दोघांना एकच स्वभाव दिला आणि त्या स्वभावानें दोन्ही देशांतील माणसांना एकच धडा शिकविला.

या माशाच्या चरित्रांत एक इशाराही आहे. १९२५ सालीं आकाबोशी तेत्सुमा या जपानी गृहस्थानें बास अमेरिकेहून नेऊन आशी नांवाच्या तळ्यांत सोडला. पुढें तो इतर तळ्यांत पसरला आणि तेथील मूळच्या लहान माशांचा फडशा पाडूं लागला. अखेर २००५ सालीं त्याच्या ने-आणीवर व सोडण्यावर जपानला कायद्यानें बंदी घालावी लागली. आवडीचा मासा हवा तेथें नेऊन सोडणें हें सदैव उपकाराचेंच असतें असें नाहीं.

हा विवेक महाराष्ट्रालाही शिकावा लागला, आणि त्या हकीकतींत लालबाग पुन्हां येते. १९१० सालीं स्थापन झालेल्या टाटांच्या जलविद्युत् कंपनीनें लोणावळ्याच्या परिसरांत वळवण, शिरवता व लोणावळा हीं तळीं बांधलीं. त्यांचें पाणी दीड हजार फुटांहून अधिक खालीं खोपोलीस उतरवून १९१५ पासून वीज निर्माण होऊं लागली. ती वीज मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांसाठीं होती. अर्थात् परळ-लालबागचे माग ज्या पाण्यानें फिरले, तें पाणी मावळच्या डोंगरांतलें होतें. सन १९७० नंतर त्याच वळवणच्या कांठीं महसीरची पैदास सुरू झाली. पावसाळ्यांत मादीचीं सोनेरी अंडीं हातानें काढून, फलित करून, वाहत्या पाण्यांत उबवावयाचीं आणि बोटुकली झालेलीं पिलें ठिकठिकाणच्या तळ्यांना व नद्यांना पुरवावयाचीं, असें हें काम होय. धरणांनीं व सुरुंगांनीं ज्या माशाचा वंश खुंटत चालला होता, त्याला यामुळें मोठा आधार मिळाला. परंतु हीच पिलें दूर कावेरींत सोडल्यावर तेथील मूळचा कुबडा महसीर मागें हटत गेल्याचें पुढें शास्त्रज्ञांना आढळून आलें. माशावर प्रेम करणें पुरत नाहीं. तो कोणत्या पाण्याचा आहे हेंही जाणावें लागतें.

इकडे गिरणगांवाची कथा सर्वांस ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजीं मोठा संप सुरू झाला, आणि त्यानंतर एकामागून एक भोंगे मुके होत गेले. रविवारचें महत्त्व ज्यांनीं आपल्या कष्टानें कमावलें होतें, त्यांपैकीं अनेकांना सातही वार सारखेच झाले. काम नसलेल्याला सुट्टी नसते, ही गोष्ट त्या काळीं लालबागच्या चाळींनीं जवळून पाहिली.

आणि पवई? तळें अजून आहे. परंतु पूर्वींचें राहिलेलें नाहीं. १९५८ सालीं तेथें मोठें तंत्रशिक्षणाचें विद्यापीठ उभें राहिलें, नंतर भोंवतीं उंच इमारती झाल्या. डोंगर खणले गेल्यानें माती तळ्यांत आली आणि त्याची खोली कमी झाली. सांडपाणी येऊं लागलें, आणि त्या खतावर जलपर्णी माजली. जलपर्णीनें पाणी झांकलें म्हणजे खालीं उजेड जात नाहीं. ती कुजली म्हणजे पाण्यांतला प्राणवायु खाऊन टाकते. कमी प्राणवायूंत तिलापियासारखा सोशिक मासा तग धरतो, पण महसीरला निर्मळ पाणीच लागतें. तळ्याच्या कांठानें भर घालून सायकलींचा मार्ग करण्याची योजना निघाली, तेव्हां तिच्याविरुद्ध न्यायालयांत दाद मागण्यांत आली, आणि मुंबई उच्च न्यायालयानें मे २०२२ मध्यें ती बेकायदा ठरवून घातलेली भर काढून टाकण्याचा आदेश दिला. म्हणजे तळ्याचा बचाव करणारे अजून आहेत. त्यांत गळकरीही आहेत. दर आठवड्यास तासन् तास पाण्याकडे पाहत बसणाऱ्या माणसाला पाण्याचा बदललेला रंग इतरांच्या आधीं दिसतो. धरलेला मासा वजन करून पुन्हां पाण्यांत सोडण्याची चालही अशा मंडळींत रूढ होत गेली आहे. वाळण कोंडाच्या गांवकऱ्यांनीं जें देवीच्या धाकानें पाळलें, तें हे लोक केवळ आपल्या समजुतीनें पाळतात.

श्रोत्यांच्या ध्यानांत आलें असेल कीं या साऱ्या हकीकतींत गळ ही वस्तु फार थोडी बदलली आहे. सोमेश्वराच्या हातीं वांकडा कांटा होता, आजही वांकडाच कांटा आहे. बदललें तें तो धरणारा हात. तो राजाचा होता, मग साहेबाचा झाला, आणि लोखंडे यांच्या रविवारानें तो कामगाराचाही होऊं शकला. विनोदाचा हक्क असा खालपर्यंत उतरत आला, ही गेल्या शतकाची मोठी कमाई होय. परंतु दिवस मिळविणें आणि पाणी राखणें हीं दोन निराळीं कामें आहेत. पहिलें काम पूर्वजांनीं केलें. तळें जर गाळानें भरलें, तर रविवार असूनही कोठें जावें हा प्रश्न लालबागच्या नातवंडांपुढें उभा राहील, आणि त्यांना ‘गरवणें’ हा शब्द कोशांत पाहावा लागेल.

थंडीच्या दिवसांत पहांटे पवईच्या पाण्यावरून धुकें उठतें. त्या वेळीं होडींत बसलेला मनुष्य हालत नाहीं, बोलत नाहीं. त्याची नजर एका लहानशा बोयावर खिळलेली असते. दुरून पाहणाराला वाटतें कीं हा कांहींच करीत नाहीं. वस्तुतः तो तळ्याची राखण करीत असतो. जोंवर असा मनुष्य तेथें येऊन बसण्याजोगें पाणी आहे, तोंवर मुंबईचें एक तळें जिवंत आहे असें समजावें.